तिसरी खाच

खड्ड्यात उतरायला सहा पायऱ्या आहेत. सहावी उतरलं की जगातलं फार थोडं उरतं. डोक्यावर आडवा पसरलेला ओंडका, त्याच्या दोन्ही अंगांना हातभर आभाळ, आणि ओंडक्यावर उभ्या असलेल्या बाबांची पावलं. बाबांच्या डाव्या करंगळीला नख नाही हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. अकरा दिवसांत पाठ झालं.

“धर,” बाबा वरून म्हणाले.

मी धरली. आमची करवत माझ्याहून उंच आहे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि करवत उभी धरून वरखाली, वरखाली. वरचा तिला उचलतो आणि ओळीवर ठेवतो. कापते ती खाली येताना, म्हणजे खरा जोर खालच्याचा. पण ओळ बघणारा वरचा, म्हणून लोक फळीवरून हात फिरवतात आणि वरच्याला म्हणतात, काय हात आहे तुमचा. खालच्याच्या वाट्याला भुसा. डोळ्यांत, कानांत, मानेवरून थेट कंबरेपर्यंत. शाळेत बाईंनी मला फळा पुसायला उठवलं तेव्हा वेणीतून इतका भुसा सांडला की मागच्या बाकावरची म्हणाली, हिला वाळवी लागलीय. सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

शाळेआधी दीड तास आणि शाळेनंतर उजेड असेपर्यंत, असं माझं चाललं होतं. खांदे असे भरून यायचे की वहीवर ‘श’ काढताना हात थरथरायचा. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? ती जागा माझी नव्हतीच. आमच्या घरात थोरला वर आणि धाकटा खाली, हे आजोबांनी ठरवून दिलेलं. त्या हिशेबाने माझा काका बावीस वर्षं खाली होता. अकरा दिवसांपूर्वी तो सहा पायऱ्या चढून वर आला, डोक्याचं फडकं सोडून झटकलं, आणि गेला तो परत आलाच नाही. तो का गेला हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. खरं कारण मला एकटीला माहीत होतं.

ते आता सांगूनच टाकते.

ओढ्यावरचा साकव मागच्या पावसात वाहून गेला होता. तेव्हापासून शाळेला, दवाखान्याला, कुठेही जायचं तर लांबचा वळसा. वस्तीच्या माळावर एक मोठं झाड उन्मळून पडलं होतं, ते सगळ्यांनी मिळून साकवासाठी द्यायचं ठरवलं. एकवीस माणसांनी दोर लावून तो ओंडका आमच्या अंगणात ओढत आणला. त्यातून चौदा फळ्या निघणार होत्या आणि साकवाला चौदाच हव्या होत्या. एकही जास्तीची नाही. पाऊस तोंडावर आलेला.

कापायच्या आधी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर, वरच्या आणि खालच्या कडेला, बाबा ओळंबा धरून खाचा पाडतात. मग कोळशाच्या पाण्यात भिजवलेलं सूत या टोकाच्या पहिल्या खाचेतून त्या टोकाच्या पहिल्या खाचेत ताणायचं, मधोमध चिमटीत उचलायचं आणि सोडायचं. टण्. सरळ काळी ओळ, आणि सूत ज्या खाचेत बसलं तीही काळी. पहिलीतून पहिलीत, दुसरीतून दुसरीत. वरच्या अंगाला ओळी मारून झाल्या की ओंडका उलटा करून खालच्या अंगाला. वरचा माणूस वरच्या ओळीवरून जातो, खालचा खालच्या.

त्या दिवशी काका करवतीच्या दातांना कानस मारत बसला होता, म्हणून सुताचं लांबचं टोक माझ्या हातात आलं. आणि मी बोलत होते. मी नेहमीच बोलत असते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत चारचौघांत माझा आवाज फुटायचा नाही. मग चर्चमध्ये एकदा शास्त्रातला मोठा उतारा न अडखळता म्हटला, लोकांनी वळून वळून बघितलं, आणि त्या दिवसापासून मी जी सुटले ती सुटलेच. काका मला टकळी म्हणतो. तर त्या दिवशी ही टकळी दृढीकरणाची प्रश्नोत्तरं घोकत होती. आमचा बाप्तिस्मा होतो तान्हेपणी, तेव्हा आपल्या वतीने आईबाप हो म्हणतात. दृढीकरणाला आपण स्वतः मंडळीसमोर उभं राहून हो म्हणायचं असतं, आणि त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर मिळते. देवाच्या राज्यात जायला काय लागतं, हा त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. पश्चात्ताप लागतो, मी म्हणत होते, विश्वास लागतो, नव्याने जन्मावं लागतं, लहान मुलासारखं व्हावं लागतं. म्हणता म्हणता मी खालच्या अंगाचं तिसरं सूत चौथ्या खाचेत धरलं. बाबांनी टण् केलं. मग चौथं सूतही चौथ्या खाचेत. पुन्हा टण्. तिसरी खाच कोरीच राहिली.

काका खाली उतरला, बाबा वर चढले. तिसऱ्या कापाला करवत अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा खालून काकाचा आवाज आला की दादा, इथे खाली ओळी जवळ जवळ यायला लागल्यात. बाबा म्हणाले, तू ओढ, ओळ मी बघतोय. काकाने ओढलं. फळ्या सुट्या झाल्या तेव्हा एक फळी टोकाला खालच्या कडेने कागदासारखी पातळ झालेली आणि शेजारची तिथेच दुप्पट जाड. दोन फळ्या वाया.

अंगणात तेव्हा दूधवाला होता, शिंपी होता, आणखी दोघंतिघं होते. ओंडका सगळ्यांचा असल्यामुळे बघायला कोणी ना कोणी असायचंच. त्यांच्यासमोर बाबांनी काकाला विचारलं की डोळे मिटून ओढतोस का. काका म्हणाला, मी ओळीवरूनच गेलो, हवं तर खाच बघ. बाबा म्हणाले, बघूच.

लांबच्या टोकाशी मी उभी होते. मी खाली वाकून बघितलं. तिसरी खाच पांढरीशुभ्र. बाबांना ओंडक्यावरून उतरून यायला दहा पावलं होती. माझा अंगठा कोळशाने काळा होता. मी काही ठरवलं नाही, एवढं देवाशपथ सांगते. अंगठा त्या खाचेत दाबला आणि बाजूला झाले.

बाबा आले, गुडघ्यावर बसले. म्हणाले, “तिसरी काळी आहे. खाच खोटं बोलत नाही.”

काकाही वाकला. बराच वेळ त्या खाचेकडे बघत राहिला. मग उठला, फडकं झटकलं आणि चालता झाला. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात वस्तीने त्याला नवं नाव दिलं. तिरका.

* * *

आमचे पाळक आठवडाभर सायकली दुरुस्त करतात आणि रविवारी उपदेश करतात. दोन्हीकडे त्यांच्या नखांत तेच काळं वंगण असतं. दृढीकरणाचा वर्गही सायकलींच्या दुकानातच भरायचा, उलट्या टांगलेल्या चाकांखाली. आम्ही पाच मुली होतो. शिंप्याच्या जुळ्या, दूधवाल्याची भाची, माझ्या वर्गातली एक आणि मी. सोमवारी त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी दम न घेता उत्तर दिलं. जुळ्या तोंड वासून बघत राहिल्या.

पाळक ट्यूब पाण्याच्या टबात दाबून पंक्चर शोधत होते. म्हणाले, बरोबर आहे, एक अक्षर चुकलं नाही. आता यातलं तुला काय अवघड जातं ते सांग.

“काहीच नाही,” मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. पाळक हसले नाहीत. ट्यूबमधून बुडबुडे यायला लागले तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बोट न काढता बोलत राहिले. म्हणाले, पुष्कळ लोकांना वाटतं रडलं की पश्चात्ताप झाला. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस रडत रडत पुढेच चालला, तर पोचेल कुठे? रडला नाही तरी चालेल, वळला पाहिजे. जिथे वाट चुकली तिथपर्यंत पायी परत यावं लागतं, आणि मधे जी जी माणसं भेटतात त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं.

शिंप्याच्या एका जुळीने विचारलं की आत्ता कुठे आम्ही मोठ्या होतोय, आणि लगेच लहान कशाला व्हायचं. तिला केसांना क्लिप लावायची परवानगी नुकतीच मिळाली होती.

“लहान मुलाला जपायला अब्रू नसते,” पाळक म्हणाले. “मोठ्याच्या दोन्ही हातांत तीच असते. मग दार उघडणार कशाने?”

मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना अंगठ्याकडे लक्ष गेलं. डाग कधीच गेला होता. तरी मी तो मुठीत घेतला.

* * *

मंगळवारी शाळेच्या वळशावर काका दिसला. वाटलं होतं लाकडाच्या कामाला पलीकडच्या वस्तीत गेला असेल. तिथे गेला होता, पण त्याच्या आधी त्याचं नाव जाऊन पोचलं होतं. तिरक्याला करवतीला हात कोण लावू देणार? तो रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, आणि काकू पाटीतून ती खडी वाहत होती. मी मान खाली घालून पुढे जाणार, तेवढ्यात त्यानेच हाक मारली.

“टकळे, खाली तू उतरतेस ना? चालण्यावरून दिसतंय.”

मी हो म्हणाले. त्याने हातोडा खाली ठेवला आणि तिथे रस्त्यातच उभं राहून दाखवलं. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल. वर बघायचं नाही, म्हणाला, डोळे फुटतील. हनुवटी छातीला लाव आणि आवाजावरून ओढ. ओळीवर असली की करवत सपसप बोलते, भरकटली की घसा बसल्यासारखी होते. आणि हाताने नको ओढू, कंबरेने बस. मग म्हणाला, दादाला सांग, हिला मधे मधे पाणी पिऊ दे.

काकू पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. काका म्हणाला की सोमवारी ते दोघं दूरच्या खाणीवर जाणार आहेत, गाडी येऊन घेऊन जाते, राहायला खोली देतात. “दगडाला बरं असतं,” तो म्हणाला. “कोणी सूत मारत नाही.” आणि आपल्याच विनोदाला हसला.

त्या दिवशी शाळेत मी दिवसभर एक शब्द बोलले नाही. बाईंनी कपाळाला हात लावून बघितला.

* * *

बुधवारी मी सांगितलं.

काकाने शिकवल्यासारखी उभी राहिले होते आणि खरोखरच करवत सपसप चालत होती. ती तशी चालायला लागली म्हणूनच असेल, मला सहन होईना. मध्येच ती कापात आवळली गेली. बाबांनी वरून पाचर ठोकली. ठोकणं थांबलं तेव्हा मी त्यांच्या पावलांना म्हणाले, “बाबा, तिसरं सूत मी चौथ्या खाचेत धरलं होतं.”

पावलं हलली नाहीत.

मी पुढचंही सांगितलं. अंगठ्याचं. खालून वर बोलताना तोंडात भुसा जात होता, तो थुंकत थुंकत सांगितलं. काका ओळीवरूनच गेला होता, चूक माझी होती आणि खाचही मी खोटी केली.

वरून आवाज आला, “ओढ.”

मी ओढलं. तो काप आम्ही शेवटपर्यंत नेला. शेवटपर्यंत म्हणजे जवळजवळ तासभर. त्या तासात मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. पावलांवरून माणसाचं काही कळत नाही. कळतं असं मला आधी वाटायचं.

मग ते उतरले आणि पायऱ्यांवर येऊन बसले. खड्ड्याला वाट एकच. ओंडक्याने वरचं सगळं झाकलेलं आणि पायऱ्यांवर बाबा. मी आत.

ते माझ्याशी फार हळू बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले की झालं ते झालं, फळ्या काही परत जोडल्या जाणार नाहीत, दोन फळ्यांसाठी दुसरं लाकूड बघता येईल. रविवारी तुझं दृढीकरण आहे. आईने पांढरा कपडा शिवायला दिलाय. चार माणसांत तुझं नाव झालंय. मग म्हणाले, आणि मी पंच आहे, चर्चमध्ये भाकरीचं ताट मी फिरवतो. सगळ्यांसमोर मी त्याला बोललो. आता काय सांगू, की पोरीने मला फसवलं आणि मी फसलो?

“काका सोमवारी चाललाय,” मी म्हणाले.

“खाणीवर काम बरं असतं,” बाबा म्हणाले. “रविवार होऊ दे. मग बघू.”

मी गप्प राहिले. तेच त्यांना हवं होतं आणि तेच मी दिलं.

संध्याकाळी आई अंगणात माझे केस धूत होती. पाणी ओतता ओतता म्हणाली की त्या दिवशी तुझा अंगठा मी बघितला होता. ओंडक्याच्या खाचेचा ठसा उमटला होता त्याच्यावर, दोन दिवस साबणाने गेला नाही.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“तुझ्या तोंडून यायची वाट बघत होते,” आई म्हणाली. “आता आलं, तर ते जिथे बोललीस तिथेच खड्ड्यात राहिलं.”

गुरुवारी मी खाली उतरले. शुक्रवारी उतरले. आता बाबा मला मधे मधे पाणी देत होते, आणि ‘दमलीस का’ विचारत होते, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे पाणी गप्प बसल्याबद्दल आहे. ते पिववत नव्हतं आणि तहान तर लागलेली असायची. मी प्यायची. रात्रीच्या जेवणाला बाबा प्रार्थना म्हणतात, तिच्यात एक ओळ येते, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला कर. दोन्ही दिवस ती ओळ त्यांनी इतक्या भरभर म्हटली की आई आणि मी मागे राहिलो.

* * *

शनिवारी पाळकांनी आम्हांला एकेकीला बोलावलं. मी गेले तेव्हा ते एका लहान सायकलीची साखळी बसवत होते. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. सूत, अंगठा, खड्डा, पाणी. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील.

“मला कशाला सांगतेस?” ते म्हणाले. “माझी कुठली फळी बिघडली?”

आणि पुन्हा साखळीकडे वळले. मी उभीच होते. मग न बघताच म्हणाले की काका पाच वाजेपर्यंत घरी असतो, सामान बांधतोय.

मी तिथून काकाच्या घरापर्यंत पळत गेले, आणि दाराशी पोचल्यावर तीनदा परत फिरले. खोटं कशाला सांगू. चौथ्यांदा काकूनेच दार उघडलं.

खोली रिकामी झाली होती. काका गुडघा देऊन वळकटी आवळत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. माझ्यासारख्या बोलणाऱ्या मुलीला ते चार वाक्यांत संपेल असं वाटलं नव्हतं, पण चार वाक्यांतच संपलं.

काकाने दोराची गाठ मारली. मग विचारलं, “दादाला माहीत आहे?”

पाळकांनी हा प्रश्न शिकवला नव्हता. नाही म्हटलं असतं तर बाबा वाचले असते. काका त्यांच्याकडे गेला असता, दोघांनी मिळून मला रागावलं असतं, आणि सगळं सरळ झालं असतं. फक्त एक शब्द. अंगठ्याइतकाच लहान.

“हो,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

“बुधवारपासून.”

काका वळकटीकडे बघत राहिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, असे त्याचे ओठ हलले. मला तो माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा अंगणातल्या त्या दिवसापेक्षाही उतरला. त्या दिवशी भावाचं चुकत होतं. आता चुकत नव्हतं, तो जाणूनबुजून गप्प होता.

“बरं,” तो म्हणाला, आणि दुसरी गाठ मारली.

काकू मात्र बोलली. आवाज न चढवता बोलली. दोन आठवडे मी नळावर सगळ्यांच्या शेवटी बादली लावतेय, म्हणाली. माझ्या आधी आलेल्याही पुढे आणि मागून आलेल्याही पुढे. कोणी म्हणालं नाही की मागे उभी राहा. मीच राहते. “हे तू कुठल्या उत्तरात लिहिणार आहेस?”

मी घरी आले. बाबा करवतीला कानस मारत बसले होते. मी त्यांना म्हणाले की काकाला सांगितलं.

कानस चालू राहिली. “बुधवारचंही?”

“त्याने विचारलं.”

कानस थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आणि अंधार पडेपर्यंत बाबा त्याच एका दातावर घासत राहिले.

* * *

रविवारी पांढरा कपडा घालून आम्ही पाचजणी पुढच्या बाकावर बसलो. बाबा पंचांच्या जागेवर होते. काका आणि काकू शेवटच्या बाकावर, दाराजवळ. भांडण झाल्यापासून काकाने भाकर घेतली नव्हती. ज्याचं भावाशी बरं नाही त्याने ताटाला हात लावू नये, असं आमच्याकडे शिकवतात, आणि काकाने ते पाळलं होतं. ताट फिरवणाऱ्याला मात्र ते कोणी विचारलं नव्हतं.

पाळकांनी जुळ्यांना सोपे प्रश्न विचारले. मला तो मोठा विचारला. मी उठले आणि मंडळीकडे तोंड केलं. खरं तर पाळकांकडे बघून उत्तर द्यायचं असतं.

मी म्हणाले, “उत्तर मला पाठ आहे. पण आधी एक सांगायचंय. साकवाच्या दोन फळ्या माझ्यामुळे गेल्या. सूत मी चुकीच्या खाचेत धरलं आणि मग खाच खोटी केली. काका ओळीवर होता. त्याला तिरका म्हणू नका.”

दूधवाला खोकला. कोणीतरी मागे वळून काकाकडे बघितलं, मग सगळेच वळले, आणि काकू खिडकीकडे बघायला लागली.

“आणखी काही?” पाळकांनी विचारलं.

बाबांची मान खाली होती. मी म्हणाले, “माझं एवढंच.”

पाळकांनी एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं मला गाळतील, पण हात आला, वंगणाच्या वासाचा, आणि जरा जास्तच वेळ राहिला. पुस्तकात लिहिलंय तसं काही हलकं वाटलं नाही. कारण मग ताट निघालं.

बाबा एकेका बाकाशी थांबत मागे मागे जात होते. मी वळून बघत होते, सगळेच बघत होते, आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. शेवटच्या बाकाशी बाबा आले. काकाने हात पुढे केले नाहीत. बाबांनी ताट पुढे केलं नाही. दोघंही एकमेकांच्या छातीच्या गुंडीकडे बघत उभे. ताट वाजायला लागलं, बारीक, टिकटिक. बाबा वळले, लांबलचक वाट चालत परत आले, ताट पाळकांच्या हातात दिलं आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. पंधरा वर्षांत मी त्यांना आशीर्वादाआधी बाहेर जाताना बघितलं नव्हतं.

घरी ते जेवले नाहीत. आई म्हणाली, असू दे.

* * *

सोमवारी सकाळी मी गणवेशावर जुना झगा चढवून खड्ड्याशी गेले. ओंडक्यावर कोणी नव्हतं. करवत कापात उभी होती. वाकून बघितलं तर बाबा खाली. डोक्याला फडकं बांधून, खालची मूठ धरून उभे.

मी म्हणाले, बाबा, ती माझी जागा आहे.

“तू शाळेत जा,” ते म्हणाले.

मी विचारलं, मग वर कोण.

त्यांनी मूठ सोडली नाही. त्यांचं उभं राहणं पार चुकलेलं होतं. दोन्ही पाय जोडलेले, मान वर. मला सांगावंसं वाटलं, पण माझ्याने सांगवेना.

खाणीची गाडी आमच्या अंगणासमोरच्या रस्त्यावर थांबते. थोड्या वेळाने काकू ट्रंक घेऊन आली, मागून वळकटी घेऊन काका. काकू पुढे जाऊन उभी राहिली. काकाने अंगणात बघितलं. त्याला उभी करवत दिसली आणि मी दिसले.

“दादा कुठाय?”

मी खाली बोट दाखवलं.

काका वळकटीसकट खड्ड्याच्या कडेला आला आणि वाकला. बावीस वर्षं त्याने त्या खड्ड्यातून वर बघितलं होतं. वरून खाली बघायची त्याला सवय नव्हती. कडेची माती ढासळून बाबांच्या खांद्यावर पडली.

“बाहेर ये, दादा,” तो म्हणाला. “तुला नाही जमायचं ते.”

बाबा तसेच मान वर करून उभे. त्यांच्या तोंडावर ऊन आणि भुसा. मला वाटलं ते खाचेचं बोलतील, माझं नाव घेतील. ते सोपं होतं, मी तयारही होते.

“ओळी जवळ येतायत म्हणालास ना त्या दिवशी,” बाबा म्हणाले. “मला ऐकू आलं होतं.”

काकाने खांद्यावरची वळकटी सावरली.

“नीट ऐकू आलं होतं,” बाबा म्हणाले.

रस्त्यावरून काकूने सांगितलं की गाडी वळणावर दिसतेय. काकाने तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. वळकटी त्याच्या खांद्यावरच होती. शेवटी म्हणाला, पाय जोडून उभा राहू नकोस. एक पुढे घे. हनुवटी खाली. बाबांनी पाय पुढे घेतला. चुकीचा घेतला. दुसरा, काका म्हणाला. बाबांनी दुसरा घेतला.

“एक काप,” काका म्हणाला. “गाडी येईपर्यंत.”

त्याने वळकटी माझ्या हातात दिली आणि चपला काढून ओंडक्यावर चढला. चढताना चाचपडला, वर पाय कुठे ठेवायचे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मूठ धरली, करवत उचलली, ओळीवर ठेवली. खालून बाबांनी ओढली. घसा बसल्यासारखा आवाज आला. पुन्हा उचलली, पुन्हा ओढली. भुशाची पहिली धार बाबांच्या मानेवर पडली.

गाडी येऊन थांबली. काकू ट्रंकेवर हात ठेवून चालकाशी काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, कारण करवत चालू होती, आणि खाली बाबा खोकत होते आणि ओढत होते.